हाडांची साक्ष आणि शाळेचे रजिस्टर

१९४६ साली अमेरिकेतल्या क्ष-किरणशास्त्राच्या एका नियतकालिकात डॉ. जॉन कॅफी यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधले कॅफी मुळात बालरोगतज्ज्ञ. क्ष-किरणचित्रे वाचण्याची विद्या त्यांनी स्वतःच्या मेहनतीने मिळवली होती आणि आदल्याच वर्षी त्या विषयावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक बाहेर आले होते. हा लेख सहा तान्ह्या मुलांविषयी होता. सहाही जणांच्या कवटीत, मेंदूवरच्या आवरणाखाली, जुने रक्त साकळलेले होते. हातापायांची चित्रे काढल्यावर या सहा जणांत मिळून २३ अस्थिभंग सापडले.

हाडे मोडावीत अशी काही इजा झाल्याचे घरच्या कोणीच सांगेना. हाडे ठिसूळ करणारा एखादा रोग असेल म्हणून कॅफींनी तो शोधला, तोही मिळेना. हे अस्थिभंग बाहेरच्या आघातानेच झाले असले पाहिजेत, एवढे त्यांनी लिहिले. एक मूल आईबापांना नकोसे होते आणि त्यामुळे त्याला मुद्दाम इजा केली गेली की काय अशी शंका येते, पण पुरावा अपुरा आहे, अशीही एक नोंद त्यांनी केली आणि लेख पुढे सरकला. त्यातला शोध मोठा आहेच. पण आम्हांला त्यातला संकोच अधिक बोलका वाटतो. इतके स्पष्ट दिसत असताना ते बोलायला इतके जड का गेले?

या प्रश्नाचा माग काढत गेलो की त्याच्या पोटातून आणखी एक प्रश्न निघतो आणि तो शिक्षकांच्या रोजच्या कामाला भिडणारा आहे. मार खाल्लेल्या मुलांत बोलायला उशीर झालेली, शिकण्यात मागे पडणारी, बौद्धिक अक्षमता असलेली मुले पुष्कळ आढळतात. ती मारामुळे तशी झाली, की तशी होती म्हणून त्यांना मार बसला?

सगळे मुडदुसावर गेले

कॅफींच्या आधी ८६ वर्षे, १८६० साली, पॅरिसमध्ये अँब्रुआझ तार्द्यू यांनी मुलांवरच्या अत्याचारांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला होता. तार्द्यू न्यायवैद्यकाचे प्राध्यापक. त्यांनी ३२ मुलांची प्रकरणे मांडली; त्यांपैकी १८ मुले दगावली होती. भाजल्याच्या खुणा, वळ, मोडलेली हाडे, मेंदूभोवती साकळलेले रक्त हे सारे त्यात होते. अत्याचार करणारे बहुतेक ठिकाणी आईबापच होते, हेही त्यांनी लिहिले. वैद्यकीय जगाने हा लेख वाचला आणि बाजूला ठेवला.

बाजूला ठेवायला सोय होती. एक तर त्या काळी युरोपातल्या धुरकट शहरांत मुडदूस घरोघरी होता. ऊन कमी, 'ड' जीवनसत्त्व कमी, हाडे मऊ. मुलाचे हाड मोडले की मुडदुसाकडे बोट दाखवणे सोपे जाई. १८८८ साली सॅम्युएल वेस्ट या इंग्लिश डॉक्टरांनी एकाच कुटुंबातल्या अनेक तान्ह्या मुलांच्या हाडांवर आलेली सूज वर्णन केली आणि ती बहुधा मुडदुसाची असावी असा निष्कर्ष काढला. एकाच घरातल्या पाठोपाठच्या मुलांना हे व्हावे यात त्यांना दुसरे काही दिसले नाही. शिवाय, मेंदूच्या आवरणाखाली साकळणारे रक्त म्हणजे त्या आवरणाच्या दाहाचा परिणाम, असे जर्मनीत रुडॉल्फ विर्को यांनी १८५७ च्या सुमारास मांडले होते. पेशीविकृतीशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाने सांगितल्यावर कोण शंका घेणार? हाडांना मुडदूस होता, रक्ताला दाह होता. माणसाचा हात कुठेच आला नाही.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत मुलाचे हाड पाहता येऊ लागले. पण नुसते यंत्र आल्याने सत्य दिसत नाही. चित्रात काय पाहायचे ते आधी कळावे लागते.

तान्ह्या मुलाचे हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची लहान प्रतिकृती नव्हे. हाडाला एक पातळ आवरण असते. लहानपणी ते हाडाच्या मधल्या दांड्यावर सैल असते आणि टोकांशी घट्ट चिकटलेले असते. मुलाचा पाय धरून जोरात पिरगाळला किंवा हिसडा दिला, तर मधले आवरण सुटते आणि त्याखाली रक्त साचते. वाढत्या टोकाशी मात्र हाडाचा बारीक टवका उडतो. त्याच दिवशी चित्र काढले तर आवरणाखालचे रक्त दिसतच नाही. आठ-दहा दिवसांनी त्या रक्ताच्या जागी नवे हाड धरू लागते, कॅल्शियम जमा होतो आणि दांड्याला समांतर अशी एक पांढरी रेघ उमटते. पुढच्या आठवड्यांत ती जाड होते आणि शेवटी मूळ हाडात मिसळून जाते. म्हणजे हाड आपल्या जखमेची तारीख राखून ठेवते. अगदी दिवस सांगता आला नाही तरी ताजी, जुनी आणि त्याहून जुनी हा क्रम लागतो. एका मुलाच्या अंगावर एक भरलेला, एक अर्धवट भरलेला आणि एक ताजा असे तीन अस्थिभंग असतील, तर ते पाळण्यातून एकदा पडण्याने झालेले नाहीत. तीन निरनिराळ्या दिवशी तीन वेळा काही तरी घडले आहे.

कॅफींचे विद्यार्थी फ्रेडरिक सिल्व्हरमन यांनी १९५३ साली हे अधिक ठामपणे लिहिले. १९५५ साली वुली आणि इव्हान्स यांनी पुढचे पाऊल टाकले. अशी हाडे असलेली मुले कोणत्या घरांतून येतात ते त्यांनी पाहिले. त्या घरांपासून काही काळ दूर ठेवलेल्या मुलांच्या हाडांवर नव्या खुणा उमटत नाहीत, हेही त्यांना आढळले. रोग असता तर तो मुलाबरोबर गेला असता.

हे सारे क्ष-किरणतज्ज्ञांनाच आधी का दिसले? स्टीफन फोल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७७ साली याचे उत्तर दिले. बालरोगतज्ज्ञासमोर आईबाप बसलेले असतात. ती सभ्य माणसे असतात, काळजीत असतात, फीही तीच देतात. 'तुम्ही याला मारले का?' हे त्यांना विचारणे अवघड. क्ष-किरणतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत फिल्म पाहत असतो. त्याला मुलाचे आईबाप भेटतच नाहीत. आम्हांला हे स्पष्टीकरण पटते, पण पुरे वाटत नाही. तार्द्यूही मुलाच्या आईबापांचे डॉक्टर नव्हते, ते न्यायालयाचे डॉक्टर होते. तरी त्यांचे म्हणणे वाया गेले. तेव्हा ऐकणारेही तयार असावे लागतात.

८५ मुलांचे पुढे काय झाले?

ते तयार केले डेन्व्हरच्या हेन्री केंप यांनी. ब्रेस्लाऊमध्ये १९२२ साली जन्मलेले केंप नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित. त्यांचे नाव आधी झाले ते देवीच्या रोगावरच्या कामामुळे. या कामासाठी ते मद्रासलाही आले होते आणि तिथे देवीच्या रुग्णांच्या सहवासातल्या माणसांवर त्यांच्या गटाने केलेल्या प्रतिबंधक उपचाराच्या चाचणीचा अहवाल १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. मुलांच्या वॉर्डात न पटणारी निदाने पाहून ते अस्वस्थ होत. त्यांनी देशभरच्या इस्पितळांना पत्रे पाठवून एका वर्षातली प्रकरणे मागवली. ७१ इस्पितळांनी मिळून ३०२ मुलांची माहिती कळवली. त्यांपैकी ३३ मुले मरण पावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती.

सिल्व्हरमन यांच्यासह चार सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला हा लेख जुलै १९६२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. शीर्षकातला शब्द केंप यांनी मुद्दाम दणकट निवडला होता: 'बॅटर्ड', म्हणजे झोडपलेले मूल. पुढच्या पाच वर्षांत, १९६७ पर्यंत, अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे मूल आढळल्यास कळवण्याचे कायदे झाले. एखाद्या वैद्यकीय लेखाचा इतका झटपट परिणाम क्वचितच झाला असेल.

मेलेल्या मुलांची चर्चा झाली. पण वाचलेल्या आणि मेंदूला इजा झालेल्या त्या ८५ मुलांचे काय? ती वाढणार होती, शाळेत जाणार होती.

१९७१ साली इंग्लंडमधले मेंदूचे शल्यचिकित्सक नॉर्मन गुथकेल्च यांनी आणि पुढच्या वर्षी स्वतः कॅफींनी एक नवी शक्यता मांडली. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेत जोर नसतो. दंडांना धरून त्याला गदागदा हलवले तर डोके पुढेमागे झोके घेते आणि मेंदूकडून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात. बाहेर एकही वळ नसतो. कारण ठाऊक नसलेले मतिमंदत्व (त्या काळचा शब्द, आज आपण बौद्धिक अक्षमता म्हणतो) काही मुलांत या हलवण्यातून आले असेल, असा कॅफींचा तर्क होता. या निदानावरून पुढे न्यायालयांत मोठे वाद झाले. नुसत्या आतल्या रक्तस्रावावरून कोणाला दोषी ठरवण्याची घाई होते आहे, असा इशारा उतारवयात खुद्द गुथकेल्च यांनीच दिला. २००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 'हलवणे' हा शब्द मागे घेऊन अत्याचारातून झालेली डोक्याची इजा असा व्यापक शब्द सुचवला. मुलाला हलवणे घातक आहे, याबद्दल मात्र वाद नाही.

नसलेला दोष दिसला

इथे थोडे आडवाटेला जाऊ. ज्या दशकांत डॉक्टरांना आईबापांचा खरा हात दिसत नव्हता, त्याच दशकांत त्यांना आयांच्या मनातला एक काल्पनिक गारठा मात्र स्वच्छ दिसत होता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, वर्णन केले आणि १९४९ साली या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाला रेफ्रिजरेटरची उपमा दिली. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या पुस्तकात हे टोकाला नेले: आईच्या नाकारण्यामुळे मूल स्वमग्न होते. असंख्य आयांनी हा आरोप मुकाट्याने सोसला. बर्नार्ड रिमलँड यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ सालीच पुरावे मांडून या कल्पनेला विरोध केला होता. १९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले, द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत आई तर एकच. मग फरक आईचा कसा?

मुलाच्या अक्षमतेचा दोष घरावर ढकलणेही तितकेच घातक ठरू शकते, हे यावरून ध्यानात ठेवायचे. म्हणूनच मूळ प्रश्नाचे उत्तर भावनेवर सोडता येत नाही.

तुलनागट नसेल तर

पिट्सबर्गच्या एलिझाबेथ एल्मर या प्रश्नाशी फार प्रामाणिकपणे झगडल्या, असे आमचे मत आहे. १९६७ साली त्यांनी ग्रेग यांच्याबरोबर लेख लिहिला. मार खाल्लेल्या ज्या वीस मुलांची त्यांनी पुन्हा तपासणी केली, त्यांत सुमारे निम्म्यांचा बुद्ध्यंक ८० च्या खाली होता. लेख गाजला. इथे थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव झाले असते. पण या आकड्याची तुलना कशाशी करायची, हे त्यांना टोचत राहिले. पुढच्या अभ्यासात त्यांनी तीन गट घेतले: मार बसलेली मुले, खऱ्या अपघाताने जखमी झालेली मुले आणि दोन्ही न झालेली मुले. तिन्ही गटांतली कुटुंबे आर्थिक-सामाजिक दृष्ट्या सारख्याच थरातली निवडली. आठ वर्षांनी पाहिले तर या गटांत फारसा फरकच नव्हता. तिन्ही गटांतली पुष्कळ मुले बोलण्यात, अभ्यासात, वागण्यात अडखळत होती. गरिबीने आणि अस्थिर घराने जे करायचे ते तिघांचेही केले होते. १९७७ साली त्यांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा छापला. याचा अर्थ मार निरुपद्रवी असा कोणी काढू नये. गट लहान होते. पण वर्गात 'तुलनागट म्हणजे काय?' हे शिकवायचे असेल तर याहून बरे उदाहरण मिळणार नाही.

दरम्यान १९७४ साली सँडग्रंड, गेन्स आणि ग्रीन यांनी न्यूयॉर्कमधल्या मुलांची तपासणी करून नेमका हाच पेच लेखाच्या शीर्षकात घातला: कारण कोणते, परिणाम कोणता? मार खाल्लेल्यांपैकी २५ टक्के, हेळसांड झालेल्यांपैकी २० टक्के आणि तुलनागटातली ३ टक्के मुले बौद्धिक दृष्ट्या मागे होती. डोक्याला जबर इजा झालेली मुले आधीच वगळली होती, तरीही हा फरक उरला. हेळसांडीचा आकडा माराच्या आकड्याच्या इतका जवळ असावा, ही गोष्ट विचार करायला लावते.

हेळसांडीपुरते उत्तर पुढे रुमानियातून मिळाले. १९८९ साली चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो मुले होती. खायला मिळे, पण कुशीत घेणारे, बोलणारे माणूस नसे. २००० नंतर बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुले निवडली आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पालक कुटुंबांत दिले. उरलेल्यांना संस्थेत अडवून ठेवलेले नव्हते. घर मिळाले तर ती जाऊ शकत होती. तरी या प्रयोगाच्या नैतिकतेवर पुष्कळ चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक ७३, तर पालक कुटुंबांच्या गटाचा ८१ निघाला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अधिक फायदा झाला. इथे चिठ्ठीनेच गट ठरले असल्यामुळे बाणाची दिशा स्पष्ट आहे: वंचितपणाने मेंदूची वाढ खुंटते.

पण उलट दिशेचा बाणही खरा आहे. २०१७ साली आंद्रेआ डानीझे आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधली २,२३२ जुळी मुले आणि न्यूझीलंडमधल्या डनेडिन येथील १,०३७ व्यक्ती यांच्या जन्मापासूनच्या नोंदी तपासल्या. अत्याचार झालेल्यांचे गुण कमी होते. पण त्यातला बराचसा फरक अत्याचाराच्या आधीपासूनचा किंवा घरच्या परिस्थितीचा होता. म्हणजे आधीच अडखळणारी मुले अत्याचाराच्या तावडीत अधिक सापडली होती.

पन्नास हजार नावे

ती किती अधिक सापडतात, हे मोजायचे तर इस्पितळात बसून भागत नाही, कारण इस्पितळात निवडक मुलेच येतात. सगळी मुले जिथे नोंदलेली असतात अशी जागा एकच: शाळा. पॅट्रिशिया सलिव्हन आणि जॉन नटसन यांनी अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या शाळांची १९९४-९५ सालची रजिस्टरे घेतली. त्यांत ५०,२७८ नावे होती. ती त्यांनी पोलिस आणि समाजकल्याण खात्याच्या नोंदींशी एकेक करून जुळवली. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांपैकी ३१ टक्के मुलांवर अत्याचार वा हेळसांड झाल्याची नोंद मिळाली, इतर मुलांत ९ टक्के. सुमारे ३.४ पट. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या कारकुनाने रकाने नीट भरले होते म्हणूनच तो होऊ शकला, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

२०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा १७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यातही साडेतीन पटीच्या पुढचाच आकडा मिळाला, पण सगळे अभ्यास श्रीमंत देशांतले होते. २०२२ सालच्या विश्लेषणात ९८ अभ्यास होते, त्यांतले २३ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. अक्षमता असलेल्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ एकावर हिंसा होते आणि इतर मुलांच्या मानाने धोका दुप्पट असतो, असे त्यातून दिसले. मात्र सर्व अक्षमतांना एकाच मापाने मोजता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१७ साली आढळले, की बौद्धिक अक्षमता आणि वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना धोका जास्त होता. कौटुंबिक परिस्थितीचा हिशेब घातल्यावर डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांत मात्र तो वाढलेला दिसला नाही. ज्या मुलाची अडचण लवकर ओळखली जाते आणि घराला समजते, ते कदाचित थोडे वाचते. 'ऐकत नाही', 'मुद्दाम करतो' असे ज्याच्याबद्दल वाटते, ते मार खाते. हे आमचे अनुमान आहे. आकडे इतके स्पष्ट बोलत नाहीत.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून २००७ साली अहवाल काढला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार बसल्याचे सांगितले. कमी ऐकू येणारे मूल, अक्षरे उलटसुलट दिसणारे मूल, जागेवर स्थिर न बसणारे मूल या ६५ टक्क्यांत कुठे असेल, हे वर्गावर उभे राहणाऱ्याला सांगायला नको. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती १९९६ साली मिळू लागल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ साली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले. त्यात शिक्षकही आले. त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये आणखी एक तरतूद आहे, ती फारशी बोलली जात नाही. जबाब देणारे मूल मानसिक किंवा शारीरिक दृष्ट्या अक्षम असेल, तर दंडाधिकारी किंवा पोलिस अधिकारी विशेष शिक्षकाची, किंवा त्या मुलाची बोलण्याची रीत ज्याला ठाऊक आहे अशा व्यक्तीची, मदत घेऊ शकतात. खाणाखुणांनी, तुटक शब्दांनी किंवा चित्रे काढून मूल जे सांगेल, ते कागदावर उतरवताना त्याच्या शेजारी त्याचे शिक्षक बसलेले असू शकतात.